कातरणातली तारीख

दरवर्षी कुणाची ना कुणाची शेपटी कापली जायचीच. एका वर्षी घोड्याची, एका वर्षी माकडाची, आणि मांजरांची तर किती वेळा याची गणतीच नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथली मुलं दरवर्षी संमेलनासाठी एक हस्तलिखित काढतात. गोष्टी, कविता, कोडी, चित्रं, सगळं स्वतःच्या हातचं, आणि प्रत एकच. शाळेचे चित्रकलेचे सर पानांचा गठ्ठा घेऊन आमच्यासमोरच्या बाइंडिंगच्या दुकानात येतात आणि दुकानातली आक्का तो शिवून देते. "कडेला दोन बोटं जागा सोडा," असं मुलांना कितीही बजावलं तरी मुलं चित्र काढत काढत कागदाच्या काठापर्यंत जाणारच. मग शिवलेलं पुस्तक कटिंग मशीनखाली गेलं की तिन्ही कडा साफ होतात आणि एखाद्या मांजराची शेपटी खालच्या पोत्यात पडते.

एकदा दुसरीतली एक मुलगी तक्रार घेऊन थेट दुकानात आली होती. आक्का तिला म्हणाली, "अगं, तुझं मांजर शेपटीवर बसलंय."

मुलीने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "पण ते उभं आहे."

आक्काने त्या दिवशी हार मानली आणि तिला मेणाचा एक तुकडा बक्षीस दिला. दोऱ्याला लावतात तो.

आक्का लग्न होऊन या दुकानात आली तेव्हा वीस वर्षांची होती. दुकान सासऱ्यांचं. त्यांनी आधी मुलाच्या हातात सुई देऊन पाहिली होती. पाचव्या टाक्यापर्यंत त्याने दोऱ्याचा गुंता करून ठेवला. मग सुनेच्या हातात दिली, तर संध्याकाळपर्यंत दोन रजिस्टरं शिवून तयार. तेव्हा कामाची जी वाटणी झाली ती कायमची. आक्का शिवणार, आणि भाऊजी, म्हणजे आक्काचे यजमान, कापणार. भाऊजींचं मशीन बिडाचं, पातं तीन फुटांचं. वरचं चाक ते असं फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं, जहाज वळवताहेत. माणूस गरीब गाय, पण जगात एका गोष्टीचा त्यांना मनस्वी राग: बाहेर डोकावणारं पान. ओट्यावर ताटांची चवड तिरकी दिसली तरी येताजाता सरळ करून जातात.

आक्काचीही एक रीत आहे. पुस्तक शिवून, पुठ्ठा चढवून, वाळून तयार झालं की ती ते मधोमध उघडते, टेबलावर ठेवते आणि हात काढून घेते. पुस्तक तसंच उताणं पडून राहिलं तर पास. मिटलं, तर उसवून परत. "शिवण घट्ट हवी, पण पुस्तकाला श्वास घेता आला पाहिजे," असं ती म्हणते. माझी बी.ए.ची इतिहासाची पुस्तकं खिळखिळी झाली म्हणून मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले, त्याला बावीस वर्षं झाली. पुस्तकं कपाटात आहेत तशीच आहेत. मी मात्र रोज चारला तिच्या दुकानात असते.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

"वय झालं," भाऊजी म्हणाले.

"वय दोघांचं बरोबरच होतंय. मग कप माझ्या एकटीच्याच हातून कसे सुटतात?"

हात सुजायचे. सकाळी तास-दोन तास बोटं वळायची नाहीत; रात्रभर दाबाखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यासारखी ताठ. तपासण्या झाल्या आणि आमवात निघाला. सांध्यांच्या डॉक्टर वयाने आक्काहून बऱ्याच लहान, पण बोलायला रोखठोक. त्यांनी सांगितलं, "शरीरात राखणदार असतात. बाहेरचा चोर आला तर त्याला हाकलायचं, हे त्यांचं काम. तुमचे राखणदार घरच्याच माणसांवर काठ्या उगारताहेत. म्हणून सांधे सुजतात."

दर रविवारी घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. चार-पाच वर्षं बरी गेली. गेल्या वर्षी मात्र दुखणं गोळ्यांना जुमानेना. सुई चिमटीत राहीना. हस्तलिखिताची वेळ आली, सर गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले, आणि आक्काने नुसते हात पुढे करून दाखवले. सरांनी बिचाऱ्यांनी ते झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिकच्या स्पायरलमध्ये बांधून आणलं. आक्का म्हणाली, "छान झालंय." सर गेल्यावर मला म्हणाली, "गळ्यात पट्टा घातल्यासारखं दिसतंय." एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती शाळेच्या संमेलनाला गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. तिचं डोकं कधी दुखत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

यंदा वर्ष सुरू होतानाच तिने डॉक्टरांना सांगून टाकलं, "मला दुसरं काही नको. यंदाचं हस्तलिखित मला शिवायचंय. तेवढं जमवा."

मी सोबत होते. मी नेहमीच असते. दवाखान्यातलं लिहिणं-वाचणं माझ्याकडे. डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "एक औषध आहे. सलाईनमधून द्यायचं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पण त्याआधी लसी."

"कसल्या लसी? मी काय तान्ही आहे?"

"फ्लूची, न्यूमोनियाची आणि नागिणीची. नागिणीचे दोन डोस, महिन्याच्या अंतराने. शेवटच्या लशीनंतर चार आठवडे पूर्ण झाले की सलाईन."

भाऊजी इतका वेळ भिंतीवरचा तिरका तक्ता बघत होते. ते वळले. "डॉक्टर, माझं एक ऐका. आधीच हिचे राखणदार बिथरलेले. त्यात लस टोचून त्यांना आणखी डिवचायचं? हात राहिले बाजूला, भलतंच काही उठायचं."

"रास्त प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काही लसींमध्ये जिवंत जंतू असतात, अशक्त केलेले. त्या मी यांना देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी देऊ केल्या तर आधी मला विचारायचं. या तिन्हींमध्ये जिवंत काही नाही. त्यांच्यामुळे तो आजार होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस अंग मोडून येईल, क्वचित सांधे थोडे कुरकुरतील. पण न्यूमोनिया झाला तर आमवाताच्या माणसाला तो इतरांपेक्षा जड जातो. नागीणही अशांना जास्त गाठते."

"मग सलाईन लावून झाल्यावर द्या की," मी म्हटलं. "आधी हात तर सुटू देत."

"ते औषध राखणदारांमधली शिकणारी फळीच झोपवतं. ती एकदा झोपली की मग कितीही टोचा, शिकणार कोण? म्हणून शिकवणी आधी, झोप नंतर."

आक्काने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "पुस्तक शिवून झाल्यावर मध्ये पान घालता येत नाही. घालायचं ते आधीच घालावं लागतं. तसंच ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार आहे."

"खुशाल सांगा. मला फक्त एवढंच कळू दे, संमेलनापर्यंत जमतंय ना?"

डॉक्टरांनी कॅलेंडर उघडलं. आम्हीही बोटांवर हिशेब केला. जमत होतं, पण जेमतेम. मध्ये एक आठवडाही सांडायला जागा नव्हती. शिवाय त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या: फ्लूच्या लशीनंतर दोन रविवार त्या गोळ्या बंद, म्हणजे लस नीट लागू पडते, आणि दुखणं वाढलंच तर लगेच फोन. दुसरी गोष्ट, घरातल्यांनीही फ्लूची लस घ्यायची.

"घरातले म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही," आक्का म्हणाली.

लसीकरणाची खोली दवाखान्यापासून दोन रस्ते पलीकडे, एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. एक फ्रिज, एक टेबल, एक कपाट आणि एक सिस्टर. सिस्टर गोल चेहऱ्याच्या, त्यांचं तोंड एकसारखं चालू. टोचून कधी झालं ते कळू नये, म्हणून बहुतेक. आक्काने डावा दंड पुढे केला, मग उजवा, आणि त्यातल्या एकात पुन्हा. तोंडातून चकार शब्द नाही. उलट सुई निरखून विचारलं, "ही एकदा वापरली की फेकता?"

"हो, आक्का."

"अरेरे. काय सरळ सुई आहे."

मग भाऊजींची पाळी. तीन फुटांचं पातं रोज खाली-वर करणारा माणूस, पण सुईचं टोपण निघताच खुर्चीत असा कलंडला की सिस्टरने एका हाताने त्यांना आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा ट्रे सावरला. पाणी पाजलं, पाय उचलून स्टुलावर ठेवले. शुद्धीवर येताच ते म्हणाले, "झालं का?"

"अजून सुरुवात नाही," सिस्टर म्हणाल्या.

तेव्हा आक्काने आपले दुखरे दोन्ही दंड कसेबसे वर करून नवऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. त्या सुजलेल्या बोटांआड त्यांनी लस घेतली. मला तो क्षण आठवला की अजून हसू येतं आणि डोळेही भरतात.

त्या दोन रविवारी भाऊजींनी गोळ्यांची डबी स्वतःच्या खिशात घालून ठेवली, चुकून घेतली जायला नको म्हणून. आक्काचे हात त्या पंधरवड्यात जरा जास्त कुरकुरले, पण निभावलं. नागिणीचा दुसरा डोस मात्र ठरल्या दिवशी झाला की नाही, याचा गोंधळ राहिला. एकदा आम्ही सगळे जिने चढून गेलो आणि लस आलेली नव्हती. परत कधी गेलो, ते त्या वेळी कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या डोसानंतर आक्काला एक दिवस ताप आला. ती पडल्या पडल्या म्हणाली, "शिकवणी जोरात चाललीय." दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात.

आता गंमत कशी झाली ती सांगते. सहा वर्षांचे दवाखान्याचे कागद आक्का एका पिशवीत कोंबून न्यायची. चिठ्ठ्या, रिपोर्ट, लसींचा कागद, सगळं एकत्र. एकदा डॉक्टर सहज बोलून गेल्या, "आक्का, तुम्ही बाइंडर ना? मग हे काय?"

हा घाव वर्मी बसला. सलाईनची तारीख ठरली होती, एकतीस, मंगळवार. त्याआधीच्या गुरुवारी आक्काने पिशवी टेबलावर पालथी केली. तारखेप्रमाणे कागद लावले. शिवायला बोटं चालत नव्हती, म्हणून ती शेजारी बसून सांगत गेली आणि भाऊजींनी आयुष्यात दुसऱ्यांदा सुई धरली. "आत घाला. आता बाहेर. ओढू नका. ओढू नका म्हणते ना, ती बैलाची वेसण नाही." तीन तास लागले. निळ्या कापडाचा पुठ्ठा, आत पांढरं अस्तर. शेवटी भाऊजी ते पुस्तक घेऊन आपल्या मशीनकडे गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं. एक कागद इतरांपेक्षा बोटभर रुंद होता, बाहेर डोकावत होता. त्यांनी चाक फिरवलं, पातं खाली आलं, आणि सगळं कसं एका रेषेत.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टरांनी पुस्तक हातात घेतलं, कडांवरून बोट फिरवलं. "वा. हे तर मी कपाटात ठेवावं असं झालंय." पानं उलटत त्या लसींच्या कागदापर्यंत आल्या आणि थांबल्या. कागदावर तिन्ही लसींची नावं होती. तारखेचा रकाना होता अगदी उजव्या काठाला, आणि त्याच्याच शेजारी सिस्टर बाटलीवरचं लेबल काढून चिकटवायच्या. रकानाही नव्हता आणि लेबलंही नव्हती.

"तारखा कुठे आहेत?"

मग भाऊजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कापल्या."

"कापल्या म्हणजे?"

"पान बाहेर येत होतं."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "नागिणीचा दुसरा डोस कधी झाला?"

"तीन तारखेला," आक्का म्हणाली.

"दहाला," भाऊजी म्हणाले. "तीनला आपण गेलो आणि लस नव्हती."

"लस नव्हती ती त्याच्या आधी. तीनला टोचली. मला दुसऱ्या दिवशी ताप होता."

"ताप होता त्या दिवशी मी कॉलेजच्या जर्नलचं काम घेतलं. ते अकराला आलं."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मला शपथेवर काहीच सांगता येईना. डॉक्टरांनी लसीकरणाच्या खोलीत फोन लावला. सिस्टर भाचीच्या लग्नाला परगावी, बुधवारी येणार. रजिस्टर कपाटात, किल्ली त्यांच्याकडे, फोन लागत नाही.

"तीन तारीख असेल तर मंगळवारी बरोबर चार आठवडे होतात," डॉक्टर म्हणाल्या. "दहा असेल तर तीनच होतात, मग मी घाई करणार नाही. लसीचं सगळं शिकणं वाया जाईल. पण मंगळवारचा बेड गेला तर पुढची जागा पाच आठवड्यांनी आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला तारीख हवी, नुसत्या आठवणीवर नाही."

पाच आठवडे. म्हणजे संमेलनाला हात तयार नसणार. आक्काने पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवत बसली.

बाहेर आल्यावर भाऊजी फुटपाथवरच उभे राहिले. "बत्तीस वर्षं लोकांच्या शेपट्या कापल्या. आज बायकोची कापली."

"पोतं कुठंय?" आक्काने एकदम विचारलं.

"कसलं पोतं?"

"कातरणाचं. गुरुवारचं कातरण कुठंय?"

भाऊजींनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रद्दीवाला शनिवारीच येतो, जेवणाच्या आधी.

रिक्षा मिळाली तेव्हा भाऊजी चालकाला चार वेळा म्हणाले, "हळू नको." आम्ही गल्लीत वळलो तर रद्दीवाल्याची हातगाडी समोरून येत होती, तिन्ही पोती बांधून. भाऊजी रिक्षा थांबायच्या आत उतरले आणि हात पसरून गाडीसमोर उभे राहिले.

"काय झालं, शेठ? वजनात गडबड वाटली का?"

"वजन ठेव बाजूला. माझ्या बायकोची तारीख आहे त्यात."

रद्दीवाल्याने आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जास्त विचारण्यात अर्थ नाही हे त्याला कळलं असावं. निमूटपणे त्याने गाडी फिरवली.

दुकानाची जमीन झाडून तिथे चादरी पसरल्या. मी आमच्या ह्यांना हाक मारली. शाळेच्या फाटकातून चित्रकलेचे सर बाहेर पडत होते, तेही आले. कशासाठी ते कळल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. तीन पोती कातरण म्हणजे काय, ते पोत्यांची तोंडं सोडल्याशिवाय कळत नाही. बोटभर रुंदीच्या हजारो पट्ट्या, शेवयांसारख्या ठासून भरलेल्या. आमचे हे आत डोकावून म्हणाले, "यात तारीख शोधण्यापेक्षा पुन्हा लस घेणं सोपं."

"तुम्ही आधी तुमच्या चष्म्याची काच पुसा," मी म्हटलं.

सर एका पोत्यात हात घालून ढवळायला लागले तेव्हा आक्का खेकसली, "थांबा. ढवळू नका." ती आता वेगळीच बाई झाली होती; दुकानातली. "या तीन पोत्यांत मिळून आठवडा असतो. प्रत्येकात आधीचं तळाला, नंतरचं वर. अहो, गुरुवारी माझ्या पुस्तकाच्या आधी काय कापलं होतं?"

भाऊजींनी डोळे मिटले. "बँकेची रजिस्टरं. पिवळ्या कागदाची."

"आणि नंतर?"

"कॉलेजची जर्नलं. हिरवी."

"मग पिवळं संपतं आणि हिरवं सुरू होतं, तिथे बघायचं. बाकी कशालाही हात लावू नका."

पहिलं पोतं नुसतं पांढरं निघालं. दुसऱ्यात वर हिरवं दिसलं आणि सगळे पुढे वाकले. भाऊजींनी शस्त्रक्रिया करावी तशी हिरवी पट्टी-पट्टी उचलून बाजूला ठेवली. हिरवं संपलं. खाली पिवळं लागलं. मध्ये, कुणीतरी जपून ठेवल्यासारखी, पानांच्या कडांची एक लहानशी गड्डी होती. एकाच घावात कापलेली, म्हणून एकमेकींना धरून बसलेली, निळ्या कापडाची किनार असलेली.

भाऊजींनी ती तळहातावर घेतली, पण उलगडेनात. "तू बघ," ते आक्काला म्हणाले.

"माझी बोटं चालत नाहीत."

"मग तिला दे." म्हणजे मला.

मी एकेक पट्टी सुटी केली. पहिली कोरी. कुठे 'दिवसातून दो' एवढंच. कुठे डॉक्टरांच्या सहीची वेलांटी. तेराव्या की चौदाव्या पट्टीवर चकचकीत लेबलं लागली, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या शेजारी सिस्टरचं टपोरं अक्षर. सगळ्यात खालचं, नागिणीच्या दुसऱ्या डोसाचं, मी मोठ्याने वाचलं.

"तीन तारीख."

आक्काने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत भाऊजी कुठल्याही तारखेवर हरल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी तरी आजवर पाहिला नाही. त्यांनी रद्दीवाल्याचा हात हातात घेऊन हलवला. रद्दीवाला म्हणाला, "वहिनींचा वाढदिवस का?"

"तसंच समज," भाऊजी म्हणाले.

त्या दुपारी भाऊजींनी पातळ कागदाची पट्टी कापली, तिला खळ लावली आणि कापलेला काठ पानाला परत जोडला. सांधा इतका बारीक, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. मात्र आता ते पान पुस्तकातून बोटभर बाहेर डोकावत होतं. भाऊजी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग पुस्तक मिटून आक्काच्या हातात दिलं. मशीनकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी पान पाहिलं, तारीख पाहिली, जोड पाहिला. आता मात्र त्या पोटभर हसल्या. "हाडांचे डॉक्टरसुद्धा इतकं छान जोडत नाहीत." मंगळवारी सलाईन लागलं. आक्का पाच तास पडून होती आणि तेवढ्या वेळात शेजारच्या बेडवरच्या बाईंना तिने लशीची सगळी कथा ऐकवली. जाताना त्या बाई मला विचारत होत्या, "शिवण झाल्यावर पान घालता येत नाही, हे खरं ना हो?"

पंधरा दिवसांनी दुसरं सलाईन झालं. मग वाट बघणं. महिनाभर काहीच नाही. आक्का रोज सकाळी मेणाचा तुकडा चिमटीत धरून बघायची आणि खाली ठेवायची. भाऊजी न बघितल्यासारखं करायचे. दीड महिन्यानंतर एकदा चार वाजता मी गेले तर टेबलावर एक छोटी वही पडलेली, आठच पानांची, तीन टाक्यांची.

"कुणी शिवली?" मी विचारलं.

"वाकडी आहे," आक्का म्हणाली. पण आवाज सरळ नव्हता तिचा.

वह्या वाढत गेल्या. आठ पानांची सोळा झाली, तीन टाक्यांचे पाच. शेजारपाजारच्या घरांत आता वाणसामानाच्या याद्यासुद्धा शिवलेल्या वहीत लिहितात. बोटं पूर्वीसारखी झाली असं नाही. दोन सांधे वाकडे राहिले ते राहिलेच. पण सुई चिमटीत राहते.

संमेलनाच्या आठवडाभर आधी सर दारात आले. हातात गठ्ठा, चेहऱ्यावर संकोच. विचारायचं कसं, हा प्रश्न. आक्काने पुढे होऊन गठ्ठा काढून घेतला. "उशीर केलात. आता जा. बघत उभं राहिलं की माझा टाका चुकतो."

तिने पाच दिवस घेतले. पूर्वी दोन लागायचे. सकाळी हात सैल झाल्यावर थोडं, दुपारी थोडं. शेवटच्या दिवशी मी तिथेच होते. पुस्तक तयार झालं आणि भाऊजी सवयीने ते उचलून मशीनकडे निघाले. पातं वर, चाकावर हात. आक्काने उठून पुस्तकावर पंजा ठेवला.

"राहू दे."

"कडा बघ. एक पान पुढे, एक मागे."

"बघितल्या. राहू दे."

भाऊजींनी पुस्तक डोळ्यांच्या रेषेत धरलं. पानांच्या काठांवर सगळा दंगा दिसत होता: कुठे सूर्याचा एक किरण, कुठे पतंगाची दोरी, कुठे नुसता रंगाचा ओघळ. एका पानाच्या अगदी काठावर काळी, जाड, वर वळलेली शेपटी. त्यांनी चाकावरचा हात काढला, फडका घेतला आणि पातं पुसायला लागले, जणू तेवढ्याचसाठी उठले होते.

संमेलनाच्या दिवशी हस्तलिखित शाळेच्या व्हरांड्यात एका टेबलावर ठेवलं होतं आणि भोवती मुलांची झुंबड. आक्का निळी साडी नेसून आली होती. ती मुलांमधून वाट काढत टेबलापाशी गेली, पुस्तक मधोमध उघडलं आणि हात काढून घेतला.

पुस्तक उताणं पडून राहिलं. ते नेमकं मांजराचंच पान निघालं.

"माझं आहे," एक मुलगी म्हणाली. मला ओळख पटायला क्षणभर लागला. दुसरीतली ती आता सहावीत होती. तिने वाकून काठ तपासला, शेपटीच्या टोकावर बोट ठेवलं, आणि संशयाने आक्काकडे पाहिलं.

"या वर्षी उभं आहे," आक्का तिला म्हणाली.